कायद्याचे वाचन : स्कॉटलंडच्या एकसदनी संसदेविषयी

१

२५ मार्च १७०७ रोजी एडिंबरा येथे भरलेली स्कॉटलंडची संसद तहकूब झाली आणि त्यानंतर ती पुन्हा बोलावली गेली नाही. इंग्लंडशी एकीकरण करणारा कायदा तिने स्वतःच संमत केला होता. म्हणजे आपले अस्तित्व संपविणारा निर्णयही तिचाच होता. एकीकरणाच्या कायद्यावर सही झाली तेव्हा चॅन्सलर लॉर्ड सीफील्ड यांनी 'एका जुन्या गाण्याचा हा शेवट' अशा अर्थाचे उद्गार काढले, असे परंपरा सांगते. १२ मे १९९९ रोजी नव्या संसदेची पहिली बैठक भरली तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून अध्यक्षस्थानी बसलेल्या विनी यूइंग यांनी, १७०७ साली तहकूब झालेली संसद आपण पुन्हा भरवीत आहोत, अशी घोषणा केली. तहकुबी आणि पुनश्च प्रारंभ यांच्यामध्ये दोनशे ब्याण्णव वर्षे गेली होती.

त्या घोषणेमागची भावना समजण्यासारखी आहे. पण ज्या दोन संस्था तिने जोडल्या त्या एकजातीच्या नव्हत्या. १७०७ ची संसद सरदारांची, जमीनदारांची आणि नगरांच्या प्रतिनिधींची होती. ती मूठभरांची होती, परंतु एका स्वतंत्र राज्याची होती. १९९९ ची संसद सर्व प्रौढ नागरिकांनी निवडलेली होती, मात्र तिचा जन्म लंडनच्या संसदेने केलेल्या १९९८ च्या 'स्कॉटलंड अ‍ॅक्ट'मधून झाला होता. पहिलीजवळ सार्वभौमत्व होते आणि लोक नव्हते. दुसरीजवळ लोक होते आणि सार्वभौमत्व नव्हते.

मराठी वाचकाला या व्यवस्थेची कल्पना यायला १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची आठवण उपयोगी पडेल. मुंबई प्रांताच्या कारभारात त्या वेळी 'राखीव' आणि 'सोपीव' असे खात्यांचे दोन वर्ग पडले आणि ते शब्द आपल्या राजकीय भाषेत रुळले. स्कॉटलंडच्या कायद्यातही राखीव विषय आहेत, पण रचना उलटी आहे. तेथे लंडनकडे काय राहील याचीच यादी केली आहे : परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन, नागरिकत्व इत्यादी. यादीत जे नाही ते सारे एडिंबऱ्याचे. शिक्षण, आरोग्य, न्यायव्यवस्था, शेती, जमीन, स्थानिक स्वराज्य हे विषय त्यामुळे नव्या संसदेच्या हाती आले.

हे सहज मिळाले नव्हते. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला होता. पण एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट कायद्यात घुसवलेली असल्यामुळे तो होकार नकारासारखाच ठरला. पुढच्या अठरा वर्षांत ही मागणी जिवंत ठेवण्यात पक्षांइतकाच चर्च, कामगार संघटना आणि लेखक यांचा वाटा होता. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या घटना-परिषदेने संसद कशी असावी याचा आराखडा तयार केला, आणि ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. परिषदेच्या चर्चेत 'संसद हवी' या मागणीइतकाच 'वेस्टमिन्स्टरची नक्कल नको' हा आग्रहही होता. या दुसऱ्या आग्रहाचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय.

२

नव्या संसदेत १२९ सदस्य ठरले : ७३ मतदारसंघांतून आणि ५६ प्रादेशिक याद्यांतून, मतांच्या प्रमाणाशी जुळते घेत. कोणत्याही एका पक्षाला सहजासहजी बहुमत मिळू नये असा या पद्धतीचा हिशेब होता. कामकाजाचे नियम सुचविण्यासाठी हेन्री मॅक्लीश यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने जानेवारी १९९९ मध्ये अहवाल दिला आणि चार तत्त्वे मांडली : सत्तेची वाटणी, उत्तरदायित्व, लोकांना प्रवेश व सहभाग, आणि समान संधी.

या तत्त्वांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी होती. या संसदेला दुसरे सभागृह नव्हते. आपल्याकडे विधानसभेने घाईने केलेल्या कामावर विधानपरिषद पुन्हा नजर टाकू शकते, निदान तशी अपेक्षा असते. एडिंबऱ्यात एकदा मंजूर झालेले विधेयक थांबवून पुन्हा वाचणारे कोणीच नसणार होते. म्हणून हे दुसरे वाचन पहिल्याच सभागृहात, त्याच्या समित्यांमध्ये बसविण्यात आले. विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही हे आपल्याकडे सभागृह प्रसंगानुसार ठरवते, आणि प्रवर समिती हा बहुधा अपवादच राहतो. तेथे समिती ही विधेयकाची नेहमीची वाट झाली.

ही वाट तीन टप्प्यांची आहे. विधेयकासोबत त्याच्या कलमांचे स्पष्टीकरण, त्यामागचे धोरण आणि त्याचा खर्च सांगणारी टिपणे जोडावी लागतात. पहिल्या टप्प्यात विषयाशी संबंधित समिती साक्षी घेते. मंत्री येतात, अधिकारी येतात, प्राध्यापक येतात. पण ज्यांच्या आयुष्यावर कायद्याचा परिणाम होणार तेही येतात. समिती अहवाल लिहिते आणि मग संपूर्ण सभागृह विधेयकाच्या मूळ तत्त्वांवर मत देते. दुसऱ्या टप्प्यात समिती कलमागून कलम, ओळीमागून ओळ घेऊन दुरुस्त्यांवर निर्णय करते. तिसऱ्या टप्प्यात सभागृह उरलेल्या दुरुस्त्या निकालात काढते आणि अखेरचे मतदान होते. त्यानंतरही चार आठवडे विधेयक थांबून राहते. संसदेने आपली मर्यादा ओलांडली आहे असे वाटल्यास सरकारचे कायदा अधिकारी ते या काळात न्यायालयाकडे नेऊ शकतात.

लंडनमध्ये विधेयके तपासणाऱ्या समित्या वेगळ्या आणि खात्यांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समित्या वेगळ्या असतात. स्कॉटलंडने ही दोन्ही कामे एकाच समितीला दिली. त्यामागे कल्पना अशी की जी समिती वर्षभर तुरुंगांची किंवा शाळांची चौकशी करते, तिच्यापुढे त्या विषयाचे विधेयक आले तर तिला ते कोऱ्या मनाने वाचावे लागू नये. साहित्याच्या अभ्यासकाला हे लगेच पटेल. संदर्भ ठाऊक असलेल्या वाचकाचे वाचन वेगळे असते.

३

या रचनेची पहिली खरी परीक्षा एका जप्तीच्या कायद्याने घेतली. कर्ज किंवा कर थकला तर न्यायालयाचे अधिकारी घरात शिरून सामानाची किंमत करीत आणि मग त्याचा लिलाव होई, अशी स्कॉटलंडमध्ये जुनी पद्धत होती. १९८९ पासून तेथे लागू झालेल्या माणशी करामुळे ती पुन्हा घरोघरी माहीत झाली. लिलावातून येणारी रक्कम सहसा क्षुल्लक असे. खरा उपयोग धाकाचा होता. अशा एका लिलावाला न्यायालयाचा आदेश मोडून विरोध केल्याबद्दल टॉमी शेरिडन यांना १९९२ मध्ये तुरुंगात जावे लागले होते. १९९९ मध्ये ते आपल्या छोट्या समाजवादी पक्षाचे एकमेव सदस्य म्हणून संसदेत आले आणि त्यांनी ही पद्धतच रद्द करणारे अशासकीय विधेयक मांडले.

एकट्या सदस्याच्या अशा विधेयकाचे भवितव्य काय असते हे आपण जाणतो. भाषण होते, मंत्री आश्वासन देतात, विधेयक मागे घेतले जाते. येथे ते तीन समित्यांपुढे गेले. कर्जबाजारी लोकांना सल्ला देणाऱ्यांच्या आणि वसुली करणाऱ्यांच्या साक्षी झाल्या. या समित्यांत सत्ताधारी आघाडीचे सदस्य होते आणि सरकारचा विधेयकाला विरोध होता. पर्यायी व्यवस्था आधी ठरू द्या, असे सरकारचे म्हणणे होते. तरीही तिन्ही समित्यांनी विधेयकाच्या मूळ तत्त्वाला पाठिंबा दिला. एप्रिल २००० मधील चर्चेत सत्ताधारी बाकांवरचेच सदस्य सरकारच्या विरोधात उभे राहताना दिसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. डिसेंबर २००० मध्ये विधेयक मंजूर झाले.

सरकारचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. कर्जवसुलीसाठी काहीतरी पर्याय हवाच होता, आणि २००२ मध्ये नव्या अटींसह वेगळा कायदा करावा लागला. महत्त्वाचे ते वेगळेच. ज्या सदस्यांनी साक्षी ऐकल्या त्यांना त्या ऐकल्याच नाहीत असे वागणे जमले नाही. त्यांचे मत पक्षाच्या आदेशाने बनलेले नव्हते. समोर बसलेल्या माणसांच्या बोलण्यातून बनले होते. समितीचा खरा गुण हाच. एरवी कागदावर आकडा म्हणून येणारे आयुष्य तेथे टेबलाच्या पलीकडे येऊन बसते.

४

दुसरे उदाहरण भाषेचे आहे आणि आपल्याला अधिक जवळचे वाटेल. गेलिक ही स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाची आणि पश्चिमेकडील बेटांची भाषा. १६१६ साली राजाच्या मंत्रिमंडळाने शाळा स्थापण्याचा आदेश काढला, त्यात ही भाषा नाहीशी करण्याचा हेतू उघडपणे नोंदवलेला होता. १८७२ च्या शिक्षण कायद्याने तिचा उल्लेखच केला नाही, आणि तो अनुल्लेख तितकाच परिणामकारक ठरला. २००१ च्या जनगणनेत ती बोलता येणारे लोक एकोणसाठ हजारांहूनही कमी उरले होते.

नव्या संसदेत माइक रसेल यांनी गेलिकसाठी अशासकीय विधेयक आणले. ते पहिल्या टप्प्यावर मान्य झाले, पण २००३ च्या वसंतात संसदेची मुदत संपली आणि विधेयक बुडाले. निवडणुकीनंतर सरकारने स्वतःचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यावर बरीच टीका झाली आणि २००४ मध्ये सुधारलेले विधेयक मांडले गेले.

शिक्षण समितीपुढे जो वाद झाला तो मुख्यतः एका विशेषणाचा होता. भाषेच्या चळवळीतील लोकांना कायद्यात गेलिक आणि इंग्रजी यांची 'समान वैधता' लिहून हवी होती. सरकारला भीती वाटत होती ती अशी की न्यायालये या शब्दांचा अर्थ हक्क असा लावतील. मग देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात, जेथे गेलिक जाणणारा एकही कर्मचारी नाही तेथेही, कोणी गेलिकमधून सेवा मागू शकेल. शेवटी दुसऱ्या टप्प्यात तडजोड निघाली. गेलिक ही इंग्रजीइतकाच 'समान आदर' मिळविणारी स्कॉटलंडची अधिकृत भाषा म्हणून प्रस्थापित व्हावी, या दृष्टीने भाषा-मंडळाने काम करावे, असे शब्द कायद्यात आले. २१ एप्रिल २००५ रोजी विधेयक एकमताने संमत झाले.

'वैधता' आणि 'आदर' या दोन शब्दांतले अंतर भाषेच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायला नको. वैधता न्यायालयात मोजता येते. आदर मोजता येत नाही. आदर न दाखविणाऱ्या कचेरीवर दावा लावता येत नाही. शिवाय वाक्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. कायदा भाषेला दर्जा देत नाही. दर्जा मिळावा या हेतूने एका मंडळाने झटावे असे सांगतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा म्हटले आणि मराठीला शासकीय कामकाजासाठी वापरता येण्याची तरतूद दिली. त्या 'वापरता येईल'भोवती किती वर्षे वाद घुमत राहिला हे ज्यांना आठवते, त्यांना एका क्रियापदाचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

मग समितीची छाननी येथे अपयशी ठरली का? एका अर्थाने होय. तिने मागितलेले मिळवले नाही. पण दुसऱ्या अर्थाने, तिने एक मतभेद उघड्यावर लढवला आणि त्याची नोंद राहिली. 'आदर' हा शब्द का आला, कोणता शब्द बाजूला सारून आला आणि कोणत्या भीतीपोटी आला, हे कोणालाही कामकाजाच्या छापील वृत्तान्तात वाचता येते. त्या नोंदीचा उपयोग झाला. जून २०२५ मध्ये संसदेने नवा भाषा कायदा संमत केला आणि त्यात गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा असल्याचे सरळ विधान आले. मधल्या वीस वर्षांत परिस्थिती सोपी झालेली नव्हती. २०२२ च्या जनगणनेत गेलिक थोडीफार येणाऱ्यांची संख्या वाढून १,३०,१६१ झाली होती, पण जेथे ती घरात बोलली जाते त्या पश्चिम द्वीपांतच तिचे भाषक निम्म्याच्या खाली आले होते. शिकणारे वाढले आणि जगणारे घटले. कायद्यातला शब्द या घसरणीला किती थोपवील हा प्रश्न खुलाच आहे.

५

संसद केवळ कायदे करीत नाही, ती बोलतेही. हे बोलणे विधेयकांपेक्षा विस्तृत असते. संरक्षण हा राखीव विषय असूनही २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याच्या तोंडावर एडिंबऱ्याच्या सभागृहात युद्धावर चर्चा झाली. तिचा सैन्यावर काही परिणाम होणार नव्हता. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटला. पण ज्या गावांतले तरुण युद्धावर निघाले होते त्या गावांच्या प्रतिनिधींनी त्याविषयी मौन पाळावे, हे इतरांना त्याहून विपरीत वाटले.

यापेक्षाही दूरगामी ठरली ती विनंतीअर्जांची व्यवस्था. कोणाही व्यक्तीला, एका सहीवरसुद्धा, संसदेकडे अर्ज करता येतो आणि समिती तो विचारात घेते. २०१४ मध्ये शस्त्रक्रियेत बसविलेल्या जाळीमुळे कायमच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रियांनी असा अर्ज केला. त्यांना वर्षानुवर्षे, दुखणे तुमच्या मनात आहे, असे ऐकवले गेले होते. समितीच्या खोलीत, काही जणी चाकाच्या खुर्चीत बसून, त्यांनी आपली हकीकत सांगितली. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी या शस्त्रक्रिया थांबविण्यास सांगितले. पुढे नेमलेल्या चौकशीवरही वाद झाले आणि समितीने त्या प्रश्नाची पाठ सोडली नाही. २०२२ मध्ये, जाळी काढून घेण्यासाठी खासगी उपचारांवर केलेला खर्च भरून देणारा कायदा झाला. अर्जापासून कायद्यापर्यंत आठ वर्षे लागली. व्यवस्था चालते याचा हा पुरावा आहे; ती किती सावकाश चालते याचाही आहे.

६

येथवर वाचून कोणी या संसदेला आदर्श समजू नये. तिच्या रचनाकारांनी गृहीत धरले होते की एकट्या पक्षाला बहुमत मिळणार नाही. २०११ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या आणि ते गृहीतक कोसळले. समित्यांतही सरकारचे बहुमत झाले. त्याच उन्हाळ्यात फुटबॉल सामन्यांतील धार्मिक द्वेषाच्या घोषणांना आळा घालणारे विधेयक तातडीच्या मार्गाने काही आठवड्यांतच उरकण्याचा सरकारचा विचार होता. टीकेनंतर मुदत वाढवली गेली आणि साक्षी झाल्या. 'आक्षेपार्ह वर्तन' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कायदेतज्ज्ञ पुनःपुन्हा विचारीत राहिले. डिसेंबर २०११ मध्ये विधेयक ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाले. बाजूने केवळ सत्ताधारी पक्ष होता. मार्च २०१८ मध्ये, बहुमत गेल्यावर, तोच कायदा ६२ विरुद्ध ६० मतांनी रद्द झाला. टप्पे तेच होते, समिती तीच होती. ऐकलेले मानण्याची मोकळीक तेवढी नव्हती.

एकमत हीदेखील खात्री नव्हे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला स्कॉटलंडच्या कायद्यात स्थान देणारे विधेयक मार्च २०२१ मध्ये, निवडणुकीच्या उंबरठ्यावर, एकमताने संमत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे संसदेच्या अधिकाराबाहेरची ठरवली. विधेयक पुन्हा सभागृहापुढे आणून दुरुस्त करावे लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते नव्याने मंजूर झाले. हेतू इतका चांगला होता की मर्यादेचा प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारला गेला नाही, असे मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. चांगल्या हेतूच्या मजकुराचे वाचन आपण नेहमीच जरा सैल करतो.

तपासणी पुरी झाली तरी शेवटचा शब्द आपला असेलच असे नाही, हेही या संसदेला कळून चुकले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिंग-ओळखीची नोंद सोपी करणारे विधेयक प्रदीर्घ, मध्यरात्र उलटून चाललेल्या चर्चेनंतर ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने १९९८ च्या कायद्यातील ३५ व्या कलमाचा प्रथमच वापर करून ते अडवले आणि वर्षअखेर न्यायालयाने ती अडवणूक वैध ठरवली. विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, 'सोपीव' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी सर्वांनाच कळला. सोपवणाऱ्याचा हात पूर्णपणे सुटलेला नसतो.

संसदेची होलिरूड येथील इमारत ९ ऑक्टोबर २००४ रोजी खुली झाली. तिचा खर्च मूळ अंदाजाच्या दहापटीहून अधिक, म्हणजे ४१ कोटी पौंडांच्या वर गेला होता आणि त्याची स्वतंत्र चौकशीही झाली. त्या समारंभासाठी राष्ट्रकवी एडविन मॉर्गन यांनी कविता लिहिली. ते आजारी असल्यामुळे लिझ लॉकहेड यांनी ती वाचली. इमारतीच्या एका बाहेरच्या भिंतीवर इंग्रजी, स्कॉट्स आणि गेलिक वचने दगडांत कोरलेली आहेत. साहित्याचा विद्यार्थी तेथे गेला तर त्या भिंतीपुढे थांबेल, हे स्वाभाविक आहे. पण त्याने आतल्या एखाद्या समितीच्या खोलीतही तासभर बसावे. तेथे 'करील' असावे की 'करू शकेल', 'वैधता' असावी की 'आदर', यावर अकरा माणसे सकाळ घालवीत असतात. तेथे टाळ्या पडत नाहीत. वर्तमानपत्रे बहुधा फिरकत नाहीत. मात्र एखाद्या घरातली खुर्ची लिलावात जाईल की नाही, एखाद्या मुलाला आजीच्या भाषेत शाळा मिळेल की नाही, हे पुष्कळदा तेथेच ठरते. आणि ते काळजीपूर्वक वाचणारी माणसे तेथे बसली आहेत की नाहीत, यावर ठरते.